कला शाखेचे महाविद्यालय निवडताना : गुणांची यादी आणि अंगणाची पारख

बारावीचा निकाल लागला की आमच्या निवासी शाळेच्या कार्यालयासमोरील ओट्यावर पालकांची गर्दी होते. कोणी यंत्रमागाची रात्रपाळी संपवून थेट आलेले असते. सदऱ्यावर सुताची लव तशीच असते. कोणी महामार्गालगतच्या गोदामातून अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आलेले असते. सर्वांचा प्रश्न एकच असतो : "गुरुजी, पोराला आता कुठं घालायचं?" विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांबाबत आमचे उत्तर चटकन निघते. मूल कला शाखेचे असेल, तर मात्र प्रश्नाचा सूर बदलतो. "कला शिकून काय करणार?" हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पाठोपाठ येतो आणि पुष्कळदा निवडीचा विचार तेथेच संपतो. कुठेतरी नाव घालायचे, पदवी पदरात पाडून घ्यायची, एवढेच उरते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांला याच विषयावर लिहावेसे वाटले. कला शाखेचे महाविद्यालय कसे निवडावे, आणि विशेषतः त्याचे वातावरण कसे पारखावे, याचा आम्ही शिक्षकांनी पुरेसा विचार केला नव्हता, ही कबुली प्रथम देणे आवश्यक आहे. त्याची किंमत आमच्या एका विद्यार्थ्याने मोजली.

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. निबंधात आणि वक्तृत्वात सदैव पुढे असणारा तो मुलगा. इतिहास हा त्याचा आवडता विषय. त्याच्यासाठी आम्ही शहरातील एक नामांकित महाविद्यालय सुचविले. आमचे निकष दोनच होते : महाविद्यालयाचे नाव आणि तेथे जाणारी बस. पहिल्याच आठवड्यात भरल्या वर्गात शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना उभे राहण्यास सांगण्यात आले. पुढे आरक्षणावर चर्चा निघाली, तेव्हा साऱ्या वर्गाने वळून त्याच्याकडे पाहिले. जणू एका मुलाने साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायचे होते. तो काही काळ गप्प राहिला. नंतर महाविद्यालयातील एका गटाने त्याला आपलेसे केले. तेथे आपुलकी होती; पण रोजचा मोर्चा, रोजची घोषणा, रोजचे फलक रंगविणे याखेरीज दुसरे काही नव्हते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, शिष्यवृत्ती अडकली आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याने महाविद्यालय सोडले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो आम्हांला भेटला तेव्हा एका गोदामात मालाच्या नोंदी लिहीत होता. तो म्हणाला, "सर, तिथं माझ्यासाठी दोनच जागा होत्या. एक गप्प बसायची आणि दुसरी ओरडायची. बोलायची जागाच नव्हती."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आम्ही त्याला दहा वर्षे बोलायला शिकविले आणि जिथे बोलण्याची जागाच नव्हती तिथे नेऊन सोडले.

यावर एक आक्षेप ताबडतोब येतो आणि तो आम्हांला मान्य करूनच पुढे जायला हवे. "मध्यम वातावरणाचे महाविद्यालय हवे म्हणजे काय? आपल्या मुलांनी मवाळ व्हावे, अन्याय मुकाट्याने सोसावा, असे तुम्हांला म्हणायचे आहे का?" आमच्यापैकीच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा प्रश्न केला. त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागे वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील रात्ररात्र चाललेल्या चर्चा होत्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधली सोळा वर्षे शांतपणे वाट पाहून ते घडलेले नाही. ज्यांना आवाज चढविल्याशिवाय कोणी ऐकलेच नाही, त्यांच्या मुलांना "हळू बोला" असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

आमचे उत्तर असे, की मध्यमपणाची अपेक्षा संस्थेकडून करायची असते. विद्यार्थ्याचे मत जहाल असू दे, मवाळ असू दे, किंवा अजून बनलेलेच नसू दे. वयाच्या अठराव्या वर्षी ते बनलेले नसणे यात काहीच गैर नाही. संस्थेने मात्र एवढे पाहिले पाहिजे, की ते मत मांडल्याबद्दल त्याला शिक्षा होणार नाही, न मांडल्याबद्दल त्याची हेटाळणी होणार नाही आणि उद्या ते बदलले तर त्याला कोणी गद्दार ठरविणार नाही. त्या मुलाला या तिन्हींपैकी एकही गोष्ट मिळाली नाही.

असे महाविद्यालय ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे महाविद्यालय उभारले. त्या दुसऱ्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. ही दोन नावे एका संवादाची आहेत. पाली भाषेतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांशी वाद करू इच्छितो, तेव्हा नागसेन आधी एक अट घालतात. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात गाठी बांधल्या जातात, सोडविल्या जातात, चूक दाखविली जाते, चूक कबूल केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एक बाजू धरतात आणि जो ती मानत नाही त्याला दंड करतात. मिलिंद पंडितांची रीत मान्य करतो आणि मगच संवाद सुरू होतो.

महाविद्यालयाला राजाचे नाव आणि वनाला भिक्खूचे, यातच आम्हांला त्या परिसराची घटना दिसते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने वादापुरती ती बाजूला ठेवायची. आजच्या महाविद्यालयात ही सत्ता निरनिराळ्या ठिकाणी असते. ती प्राध्यापकाच्या अंतर्गत गुणांत असते, कार्यालयातील शिक्क्यात असते, संस्थाचालकाच्या शब्दात असते. आणि ज्या गटाची संख्या अधिक, त्याच्या आवाजातही असते. गटाची सत्ता हीसुद्धा राजाचीच सत्ता, हे आमच्या विद्यार्थ्याच्या अनुभवाने आम्हांला शिकविले.

सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि हिंदू संहिता विधेयकासारख्या पेटलेल्या विषयावर तेथे स्वतः बाबासाहेब बोलले होते. रस्त्यावर ज्या प्रश्नावरून मोर्चे निघत होते, त्याच प्रश्नावर महाविद्यालयाच्या सभागृहात नियमाने, आळीपाळीने बोलता येत होते. मिलिंद महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस नाटककार होते. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक प्रसिद्ध आहे. पुढे त्याच परिसरात शिकविणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात हेही मिलिंदचेच विद्यार्थी. "कला शिकून काय करणार?" असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही आता या एका परिसराची गोष्ट सांगतो.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षणही असेच विस्तृत पायावरचे होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे वर्ग त्यांनी केले. जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. त्या वर्गात त्यांना कोणी समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे केले नव्हते. ते एक अभ्यासक म्हणून बोलत होते आणि इतर अभ्यासक ऐकत होते. आमच्या विद्यार्थ्याला हवे होते ते एवढेच.

मतभेद पेलणे सुशिक्षितांनाही सोपे जात नाही, याचा दाखला आपल्याच प्रांतात आहे. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले. आगरकर, टिळक आणि गोखले हे तिघेही तेथे शिकवीत. पुढे ज्यांना महाराष्ट्राने जहाल आणि मवाळ म्हणून ओळखले, ते एका काळी एकाच संस्थेचे सहकारी होते. १८९० मध्ये मतभेद विकोपाला जाऊन टिळकांनी संस्था सोडली. एवढ्या मोठ्या माणसांना जे साधले नाही, ते आपल्या गावच्या महाविद्यालयाला आपोआप साधेल, असे कसे मानावे? त्यासाठी व्यवस्था लागते.

व्यवस्थेचा हा धडा शिकण्यासाठी भिवंडीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. निरनिराळ्या धर्मांचे, निरनिराळ्या धंद्यांचे शेजारी एका बैठकीत नियमाने बसू लागले. गटारापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सारे विषय तेथे निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. लोकांची मते बदलली होती असे नव्हे. पण भांडण होण्याच्या आधीपासून ते एकमेकांना ओळखत होते. ज्या गावाचे नाव दंगलीसाठी घेतले जाई, त्या गावाने बैठकीच्या सवयीने हे साधले. चांगल्या महाविद्यालयाचे वातावरणही असेच घडते. वादविवाद मंडळ, भित्तिपत्रक, वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर या मोहल्ला समित्याच होत. तेथे भिन्न घरांतील मुले सोबत काम करतात आणि पुढे मतभेद झाला तरी समोरच्याचे नाव, गाव आणि स्वभाव त्यांना ठाऊक असतो.

आता व्यवहाराकडे वळू. 'लिबरल आर्ट्स' या नावाने पुण्यात, बंगळुरूमध्ये आणि दिल्लीच्या परिसरात नवी खासगी विद्यापीठे निघाली आहेत. त्यांचे ग्रंथालय, त्यांचे छोटे वर्ग, विषय निवडण्याची मुभा हे सारे खरोखर चांगले आहे. मात्र बहुतेक ठिकाणी वर्षाचे शुल्क काही लाखांत जाते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या काही ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आर्थिक साहाय्य मिळते. होतकरू मुलांनी अशा ठिकाणी अर्ज जरूर करावा. पण आपल्या बहुतेक मुलांचे महाविद्यालय भिवंडी, कल्याण, ठाणे किंवा फार तर मुंबई येथेच असणार, हे वास्तव आहे आणि त्यात कमीपणा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता साध्या संलग्न महाविद्यालयातही मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशी रचना आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राची ओळख करून घेण्याची सोय आपल्या पंचक्रोशीत असू शकते. ती प्रत्यक्षात आहे की केवळ माहितीपत्रकात, हे मात्र जाऊन पाहावे लागते.

म्हणून पालकहो, आमची पहिली विनंती ही, की महाविद्यालय एखाद्या साध्या दिवशी जाऊन पाहा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सर्वच महाविद्यालये सुंदर दिसतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. ग्रंथालयात मुले बसलेली आहेत का, की कपाटांना कुलपे आहेत, हे पाहा. मागील दोन वर्षांचे वार्षिक नियतकालिक मागून घ्या आणि चाळा. त्यात मुलांचे स्वतःचे लेखन किती आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे किती, हे मोजले तरी पुष्कळ कळते. वादविवाद स्पर्धेचे मागचे विषय विचारा. ज्या विषयाला खरोखर दोन बाजू आहेत असे विषय दिले जातात का, आणि अप्रिय बाजूने बोलणाऱ्यालाही कधी पारितोषिक मिळाले आहे का, याची चौकशी करा.

नंतर शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहा. तेथील कर्मचारी मुलांशी कोणत्या शब्दांत बोलतात, हे ऐका. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तसेच शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, यांचे अर्ज वेळेत भरून घेणारे महाविद्यालय मुलांना आपले मानते. ज्या ठिकाणी हक्काचे पैसे उपकार म्हणून दिले जातात, तेथील वर्गात समान वागणूक मिळेल असे समजू नये.

सूचनाफलक वाचा. रॅगिंगविरोधी समिती आणि अंतर्गत तक्रार समिती यांतील सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक तेथे लावलेले असतात का? महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी घालणारा कायदा १९९९ पासून आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभर लागू असणारे विनियम २००९ पासून आहेत. कायदा सर्वत्र सारखाच असतो. फलकावरील नावे ताजी आहेत की पाच वर्षांपूर्वीची, यावरून संस्थेची नियत कळते. मुलींच्या पालकांनी मुलींच्या वसतिगृहाची वेळ आणि मुलांच्या वसतिगृहाची वेळ यांतील अंतर विचारावे.

विद्यार्थी संघटनांविषयीही विचारा. त्यांना भिऊ नका. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबविल्या, २०१६ च्या कायद्याने त्यांना पुन्हा जागा दिली. बंदीच्या काळात राजकारण महाविद्यालयांतून गेले नाही, ते दाराआड गेले एवढेच. म्हणून ज्या परिसरात एकही संघटना नाही तो मध्यम, असा समज करून घेऊ नये. तेथे एकाहून अधिक विचारांचे फलक शेजारी शेजारी टिकतात का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. आंबेडकर जयंती, शिवजयंती, सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते का, हे तर विचाराच. पण त्या कार्यक्रमाला कोण बसते, हेही विचारा. ज्याची त्याची जयंती ज्याने त्याने करायची, असा जेथे रिवाज आहे, तेथे मुले एका छपराखाली वेगवेगळ्या मोहल्ल्यांत राहतात.

आणि शेवटी, उपाहारगृहात दुसऱ्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला. त्यांना एकच प्रश्न विचारा : "या वर्षी वर्गात तुमचे मत कशाबद्दल तरी बदलले का?" हे विचारल्यावर जर ते हसून एखादा प्रसंग सांगू लागले, तर ते महाविद्यालय चांगले आहे असे खुशाल समजावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडूनही आमची एक अपेक्षा आहे. चांगले अंगण मिळाले तरी त्यात खेळावे लागते. मोर्चाला जावेसे वाटले तर जा; परंतु मोर्चाच्या आदल्या रात्री तो प्रश्न नीट वाचून जा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसा. कोणी तुम्हांला साऱ्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे केले, तर तुम्ही स्वतःचे प्रतिनिधी आहात हे शांतपणे सांगा. तुमच्या विरुद्ध मताच्या मुलाचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडता आले, की मगच त्याचे खंडन करा. एवढे साधले तर पदवीच्या कागदापलीकडचे काही हाती आले असे समजा.

आम्हांलाही आमची रीत बदलावी लागली. आता बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही मुलांना लहान लहान गटांनी जवळपासच्या महाविद्यालयांत नेतो. परत आल्यावर प्रत्येकाने पाहिलेले लिहून काढायचे असते. त्या वह्या आमच्या कपाटात आहेत. पुढच्या वर्षीची मुले त्या वाचतात. कोठल्या ग्रंथालयात पुस्तक हातात घेऊ देतात, कोठल्या खिडकीवर ओरडतात, हे मुलांनी मुलांसाठी लिहिलेले आहे. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा आम्हांला त्यांचा अधिक भरवसा वाटतो.

आणि तो विद्यार्थी? मेळाव्यानंतर आम्ही त्याला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून दिला. गोदामाची नोकरी सांभाळून त्याने पदवी पूर्ण केली, विषय इतिहासच. गेल्या वर्षी बारावीच्या मुलांशी बोलायला तो शाळेत आला होता. एका मुलीने त्याला सर्वांसमोर विचारले, "दादा, तुम्ही आधीचं कॉलेज सोडलं, त्यात थोडी चूक तुमचीही नव्हती का?" आम्ही शिक्षक किंचित अस्वस्थ झालो. तो मात्र थोडा वेळ थांबला, विचार केला आणि म्हणाला, "होती. पण किती माझी आणि किती त्यांची, हे सांगायला मला वेळ लागेल. बसतेस का?" ती बसली आणि दोघांचे बोलणे प्रार्थनेची घंटा होईपर्यंत चालले.